दारावरची अर्धी काळी फळी

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल लिही असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हटलं. एक तर मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं, लिहायची सवय नाही. दुसरं म्हणजे मंडळात मी काय काम करायचे हे कुणाला नीट माहीत नव्हतं आणि मला ते सोयीचं होतं. इतर मुलींना विचारलं की त्या फार्मसिस्ट किंवा अकाउंटंट असं एका शब्दात सांगून मोकळ्या होतात. मला बराच वेळ बोलावं लागलं असतं, आणि अनोळखी माणसांसमोर बराच वेळ बोलणं मला कधी जमलं नाही.

आता ती कंपनी राहिली नाही, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या एका लहानशा प्रकाशनात लागले. आमच्या खिडकीतून व्हिसा ऑफिसबाहेरची रांग दिसायची. सकाळी स्टेशनवरून चालत येताना निदान एक तरी भला माणूस मला थांबवून, न विचारताच, ती रांग कुठून सुरू होते ते सांगायचा. मी थँक यू म्हणून शेजारच्या दारातून वर जायचे.

आम्ही नवशिक्यांसाठी छंदांची पुस्तकं काढत असू. माझ्या वाट्याला दोन आली. एक कुलचिन्हांचं, म्हणजे जुन्या इंग्रज घराण्यांच्या ढालीवर सिंह, किल्ले, गरुड असतात ती चित्रं कशी वाचायची आणि रंगवायची याचं. दुसरं सोनेरी अक्षरांचं. छापखाने येण्यापूर्वी पोथ्या हाताने लिहायचे, त्यात पहिलं अक्षर मोठं काढून त्याच्यात वेली, पक्षी आणि खरं सोनं भरायचे, ते.

मुलाखतीत संपादक मिसेस ऑल्डन यांनी विचारलं, "यातलं तुला काय येतं?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

"छान. आणि सांगितलेलं तंतोतंत करतेस का?"

मी कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली होती. मी हो म्हटलं आणि मला नोकरी मिळाली.

काम असं होतं. लेखकाने लिहिलेली कृती माझ्यासमोर ठेवायची. जे लिहिलंय तेवढंच मी करायचं, डोकं वापरायचं नाही. जिथे अडेन तिथे लाल पेन्सिलीने खूण करायची आणि ते वाक्य पुन्हा लिहिलं जायचं. उरलेल्या वेळात स्काल्पेलने, सर्जन वापरतात त्या सुरीने, मजकुराच्या पट्ट्या कापून, मागे मेण लावून, पानांवर चिकटवायच्या. वाचकांचे फोनही माझ्याकडेच. मिसेस ऑल्डन म्हणायच्या, "तुझं अज्ञान हीच तुझी पात्रता आहे, जपून वापर." वर्षभराने मला बरंच कळायला लागलं तेव्हा त्यांना खरंच काळजी वाटू लागली होती.

दोन्ही पुस्तकांतली चित्रं मिस्टर फेन काढायचे. सत्तरीचे गृहस्थ. टाय लावून, बाह्यांना पट्टे बांधून बसत. आयुष्यभर चर्चसाठी आणि बड्या घराण्यांसाठी हेच काम केलेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एक सायीसारखा जाड, गुळगुळीत कागद दिला. इतका मऊ कागद मी पाहिला नव्हता. मी तो गालाला लावून पाहिला.

"केसांची बाजू वर घे," ते म्हणाले.

"कसले केस?"

"वासराचे."

मी कागद खाली ठेवला. म्हणजे ठेवला असावा. पुढचं मला नीट आठवत नाही. सरस माशाचा आणि रंग कालवायला अंड्याचं पांढरं, हे मला तेव्हाच सांगून टाकलं हे बरं झालं, पुढचे धक्के वाचले.

घरी आईने विचारलं, "आणि त्या हातांनी तू डबा खाल्लास?"

बाबा पेपरमागून म्हणाले, "तबला कशाचा असतो?"

"तबला मी गालाला लावत नाही," आई म्हणाली.

त्यानंतर ऑफिसातून आले की मी आधी अंघोळ करायची असं ठरलं. मी नोकरी सोडली नाही. कारण सोनं लावायला शिकले होते. मिठाईवर चांदीचा वर्ख असतो तसाच सोन्याचा असतो. अक्षरावर प्लास्टर, सरस आणि साखर यांचा उंचवटा द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग त्याच्यावर छातीतला गरम श्वास सोडायचा. श्वासाच्या ओलाव्याने तो क्षणभर चिकट होतो. तेवढ्यात वर्ख ठेवायचा. पूर्वी साधू लोक थंड मठांत बसून हेच करत. सोनं श्वासावर बसतं हे मला अजूनही खोटं वाटतं, आणि मी ते शेकडो वेळा केलंय.

वाचकांचं सोनं मात्र बसत नसे. यॉर्कशरच्या एक निवृत्त शिक्षिका फोनवर रडायच्या बेतात आल्या होत्या. मी त्यांना फोनजवळ श्वास सोडायला लावला. त्या चहा गार करतात तशी फुंकर घालत होत्या. पुढच्या आवृत्तीत मी ते वाक्य बदललं: चष्मा पुसण्याआधी काचेवर करता तसा श्वास सोडा. माझ्या नावावर काही साहित्य असेल तर ते एवढंच, आणि ते चांगलं आहे असं माझं मत आहे.

दुसरे एक गृहस्थ प्लंबर होते. त्यांना ढालीवर पाना हवा होता. सोन्याच्या पार्श्वभूमीवर चांदीचा. मी म्हटलं, धातूवर धातू चालत नाही, नियम आहे. ते म्हणाले, "लव्ह, माझं सगळं आयुष्य धातूवर धातू आहे."

आता मुख्य गोष्टीकडे येते. तिच्यासाठी दोन नियम सांगायला हवेत.

ढालीची उजवी-डावी बघणाऱ्याची नसते, ढाल धरून मागे उभा असतो त्या माणसाची असते. म्हणजे आपल्याला जी डावी दिसते ती उजवी. आणि नवरा-बायकोचं एकत्र चिन्ह काढताना ढाल उभी मधोमध विभागतात. उजव्या अर्ध्यात नवऱ्याचं घराणं, डाव्या अर्ध्यात बायकोचं माहेर. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्यासारखंच की. वामांगी."

दुसरा नियम मृत्यूचा. पूर्वी अशा घरात कुणी वारलं की चौकोनी फळी एका कोपऱ्यावर उभी करून, पत्त्यांतल्या चौकटसारखी, तिच्यावर ती ढाल रंगवायचे आणि घराच्या दारावर लावायचे. काही महिन्यांनी ती चर्चच्या भिंतीवर जायची. तिथे अजून असतात. ढालीमागे जी मोकळी जागा उरते तिचा रंग सगळं सांगतो. जो गेला त्याच्या अर्ध्यामागे काळं, जो मागे राहिला त्याच्या अर्ध्यामागे पांढरं. पुढे तोही गेला की त्याच्या फळीवर सगळंच काळं.

मिस्टर फेननी पुस्तकासाठी अशी एक फळी काढली. पूर्ण पानाचं चित्र, अर्धं काळं, अर्धं पांढरं. पुस्तकातलं सगळ्यात देखणं पान. त्याखाली अर्थ सांगणाऱ्या तीन ओळी मी चिकटवल्या होत्या. मिसेस ऑल्डननी त्या काढून मागच्या पानावर टाकायला सांगितल्या, चित्राला मोकळी हवा हवी म्हणून.

मी म्हटलं, "नवशिके चित्रच बघतात. मागचं पान वाचत नाहीत."

"डिअर, स्वतःच्या दारावर हे कोण लावणार आहे?"

मी ओळी मागे नेल्या.

पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांनी एक फोन आला. आधी इंग्रजीतून, डॉक्टरी थाटात. मग एकदम मराठीत.

"पुस्तकात मागे बारीक अक्षरात रेवती असं नाव आहे, ते तुम्हीच का? कुठल्या तुम्ही?"

"नागपूर," मी म्हटलं. ऑफिसात सगळे माझ्याकडे बघत होते.

"अरे वा. मी कारखानीस, इकडे पिनरला राहतो. म्हणजे तू आपल्या अनेस्थेटिस्ट देशमुखांची मुलगी. मग अहो-जाहो कशाला करतोय मी?"

इथल्या मराठी माणसांत कुणीही दोन प्रश्नांत तुमच्या वडिलांपर्यंत पोचतो. कारखानीस काका छातीच्या आजारांचे डॉक्टर. आधीच्या वर्षी त्यांचीच बायपास झाली होती. हॉस्पिटलने सक्तीची रजा दिली होती आणि घरात बसून ते शैलाकाकूंना छळत होते. काकूंनीच स्टेशनवरच्या दुकानातून पुस्तक, रंग आणि ब्रश आणून त्यांच्यापुढे टाकले होते.

मग दर थोड्या दिवसांनी फोन. काका मोठं काहीतरी करत होते, साठीच्या कार्यक्रमासाठी, पण काय ते सांगेनात. सरप्राइज. स्वतःच्या बाजूला त्यांनी हिरव्यावर सोनेरी ऊस घेतला होता, गाव कोल्हापूरकडचं म्हणून. काकूंचं माहेर मालवणचं, त्यांच्यासाठी निळ्यावर चांदीचा मासा. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. मी खूश झाले. इतका शहाणा वाचक मला आजवर मिळाला नव्हता.

"एक प्रॉब्लेम आहे," ते एकदा म्हणाले. "मोठा काळा भाग आहे. सपाट येत नाही. ब्रशचे ओरखडे दिसतात. हात अजून थोडा थरथरतो गं."

"पातळ हात द्या काका. पहिला आडवा, पूर्ण वाळू द्या, मग उभा. घाई करू नका."

"घाई करायची नाही असं सगळेच सांगतात मला," ते हसून म्हणाले. काळा भाग कशाचा, हे मी विचारलं नाही. प्रश्न विचारण्याची सवय मला कमीच आहे.

साठीच्या शांतीला आम्ही तिघं पिनरला गेलो. गाडीतून उतरून बाबा पार्किंगचं बघत होते, आई साडीच्या निऱ्या सारखी करत होती, आणि मी वर पाहिलं.

दाराच्या बरोब्बर वर, एका कोपऱ्यावर उभी, झेंडूच्या माळेत, ती फळी होती. ऊस, मासा. उसाच्या मागे काळं. माशाच्या मागे पांढरं. काळा रंग अगदी सपाट आला होता.

माझे पाय तिथेच थांबले. आई म्हणाली, "चल ना, काय झालं?" घरातून मंत्र ऐकू येत होते. आयुष्य वाढो म्हणून आत होम चालला होता आणि बाहेर, सगळ्या रस्त्याला दिसेल असं, घरमालक वारल्याचं जाहीर केलेलं होतं. आणि ते करायला मी त्यांना रंग कसा लावायचा ते शिकवलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक वृद्ध इंग्रज बाई आल्या, मिसेस वेब. हातात पांढऱ्या लिली, इथे अंत्यविधीला नेतात तशा. त्यांनी बेल वाजवली. मी मागेच होते. दार शैलाकाकूंनी उघडलं, नथ, हिरवा शालू, हातात पळी.

"माय डिअर," मिसेस वेब म्हणाल्या आणि त्यांनी काकूंचा पळीसकट हात धरला. "मला आत्ता कळलं. आय ॲम सो व्हेरी सॉरी."

काकूंच्या मागून काका आले. कद नेसलेले, उघडे, छातीवरचा ऑपरेशनचा लांब व्रण स्पष्ट दिसतोय, कपाळाला गंध.

"मिसेस वेब, कम इन, कम इन. यू आर जस्ट इन टाइम."

मिसेस वेब यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग वर फळीकडे, मग माझ्याकडे. मी हळूच नकारार्थी मान हलवली. त्या क्षणी मला इंग्रज माणसाच्या संस्कारांचं मनापासून कौतुक वाटलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही अगदी... फिट दिसताय. पार्टीसाठी फुलं आणलीत," आणि लिली काकूंच्या हातात देऊन आत जाऊन सोफ्यावर बसल्या. मला वाटतं त्यांना बसण्याची गरज होती.

आत स्मोक अलार्मची बॅटरी काढून ठेवली होती. पौरोहित्य करणारे वेम्बलीचे निवृत्त इंजिनिअर घाम पुसत होते. साठ दिव्यांचं तबक घेऊन काकू काकांना ओवाळायला लागल्या. तबक जड होतं, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. माझ्याच्याने ते बघवेना. मी कोटांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिले आणि ठरवलं की सांगायचं. आयुष्यात मी आपणहून कुणाला काही सांगितल्याचे प्रसंग फार थोडे आहेत.

आशीर्वाद, नमस्कार झाल्यावर काका शाल घ्यायला तिकडे आले.

"काका, बाहेरची फळी तुम्ही कुठल्या पानावरून घेतलीत?"

"त्या डायमंडवरून. सगळ्यात एलिगंट तेच होतं. आवडली?"

"पान उलटून वाचलंत?"

"चित्र समोर होतं ना. का?"

"तशी फळी घरात कुणी वारलं की लावतात."

ते हसले नाहीत. शाल हातातच राहिली. त्यांचा आवाज बदलला, पेशंटला विचारतात तसा झाला. छोटे छोटे प्रश्न.

"कोण वारलं की?"

"ज्याच्या मागे काळं असतं तो."

"काळं डावीकडे आहे."

"आपल्या डावीकडे. ढाल धरणाऱ्याची ती उजवी."

"म्हणजे मी."

"हो."

"आणि शैलाच्या मागे पांढरं."

इंग्रजांच्या नियमात त्या पांढऱ्याचा अर्थ फक्त जिवंत एवढाच आहे. आपल्या घरात मागे राहिलेल्या बाईच्या पांढऱ्याचा अर्थ मी सांगायची गरज नव्हती. काकांनी भिंतीला हात टेकला. मला भीती वाटली की आता मीच यांना काही करून बसले.

"शैलाला बोलू नकोस," ते म्हणाले. "वर्षभर ती रात्री उठून माझा श्वास चालतोय का बघते. तिला वाटतं मी झोपलेलो असतो."

मग ते बाहेर गेले. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, त्या तुमच्या शील्डखाली एक ग्रुप फोटो होऊ दे." ते म्हणाले, "वारा आहे, कुणाच्या डोक्यात पडेल," आणि कद नेसलेले साठीचे कारखानीस काका स्टुलावर चढून फळी काढून गॅरेजमध्ये ठेवून आले. काकू दारात श्रीखंडाचा वाडगा घेऊन उभ्या होत्या.

सोमवारी मी मिस्टर फेनना सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला. ते म्हणाले, इतकी वर्षं हे काम केलं, पण ज्याची फळी तोच माणूस फोन करून काळा सपाट कसा येतो हे विचारतोय, असं कधी ऐकलं नाही. मिसेस ऑल्डननी पुढच्या आवृत्तीत तीन ओळी चित्राखाली परत आणल्या. त्या दिवशी माझा चहा त्यांनी केला. मिस्टर फेननी एका बाटलीत निळा रंग कालवून दिला. काळ्या-पांढऱ्यावर दोन्हीकडे बसेल असा दाट. "जिवंत माणसांसाठी," ते म्हणाले.

ती बाटली घेऊन मी एका शनिवारी पिनरला गेले. काका फिरायला गेले होते. शैलाकाकूंनी दार उघडलं, हात कणकेने भरलेले.

"ये गं. तुझे काका येतीलच."

मी आत पाऊल टाकलं आणि फळी दिसली. जिन्याच्या भिंतीवर, नव्या खिळ्याला. ऊस तसाच, मासा तसाच. माशाच्या मागचं पांढरं मात्र नव्हतं. फळी सगळी काळी होती.

मला आधी वाटलं की काकांनी घाईघाईत चूक केली. माझ्या हातातली बाटली मी पर्समध्ये परत टाकली, मग परत काढली.

"काकू, ही कुणी रंगवली?"

"मी. माझीच बाजू होती ना."

"काकू, पण याचा अर्थ..."

"माहीत आहे मला अर्थ. मागच्या पानावर दिलाय की." त्या स्वयंपाकघरात गेल्या, मी मागोमाग. "ते दुपारी झोपायचे तेव्हा मी वाचायचे पुस्तक. यांनी हे चित्र घेतलं त्याच दिवशी वाचलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी गोळा पोळपाटावर ठेवला. "ऑपरेशननंतर त्यांच्याच्याने शर्टाची बटणं लागायची नाहीत. डॉक्टर माणूस, हाताकडे बघत बसायचा. ते काळं रंगवताना महिनाभर तिथे टेबलाशी बसले आणि हात थांबला थरथरायचा. तेव्हा मी सांगायचं, की अहो, तुम्ही स्वतःचं काय रंगवताय?"

"आणि साठीच्या दिवशी? दारावर?"

"लावू दिलं. आत साठ दिवे होते." त्यांनी पोळी लाटायला सुरुवात केली. "पण मला ते पांढरं नको होतं. गॅरेजमध्ये गेले, त्यांचाच ब्रश घेतला. मागे राहायचं असेल तर राहीन, ते काही माझ्या हातात नाही. पण आधीच रंगवून कशाला ठेवायचं?"

"काकांनी पाहिलं?"

"पाहिलं. मग हातोडी घेऊन आले आणि खिळा त्यांनीच ठोकला."

तवा तापला होता. पोळी टाकून त्या माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा धास्तावलेला वाटला. परीक्षेचा पेपर तपासायला दिल्यासारखा.

"तू पुस्तकातली आहेस म्हणून विचारते. नियमाप्रमाणे काही चुकलं नाही ना?"

मी मान वळवून जिन्याकडे पाहिलं. कुठे ओरखडा नव्हता, ढालीच्या कडेला रंग गेला नव्हता.

"नाही काकू," मी म्हटलं. "काही चुकलं नाही."

"मग बस," त्या म्हणाल्या. "गरम पोळी खाऊन जा."